डेंग्यूची फाइल कोड कशी करायची: एमआरडीत नव्याने आलेल्यांसाठी

पावसाळा संपत आल्यापासून दिवाळीपर्यंत जो कोणी एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात, नव्याने कामाला लागतो, त्याच्या हातात पहिली फाइल बहुतेक वेळा डेंग्यूचीच पडते. फाइल कोड करायची म्हणजे त्यातल्या आजाराला ठरलेल्या यादीतला कोड द्यायचा. गणपती उठले की आमच्याकडे फायलींचा ढीग टेबलावरून जमिनीवर उतरतो. नव्या मुलीला बसवून शिकवायला तेव्हा कुणालाच वेळ नसतो. मग शेजारची सीनिअर मान वर न करता सांगते, "डेंग्यू आहे ना? ए नव्वद टाक आणि पुढची घे."

मीही असंच शिकले, आणि जे शिकले ते चुकीचं होतं. हा लेख मला पहिल्या आठवड्यात कुणी हातात दिला असता तर बऱ्याच फायली दोनदा उघडाव्या लागल्या नसत्या.

एक सूचना आधीच. इथे सगळे कोड देवनागरीत लिहिले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ते रोमन अक्षर आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे. "ए९७" मधला ए म्हणजे रोमन लिपीतलं पहिलं अक्षर.

कामाला बसण्याआधी जवळ काय हवं

- आयसीडी-१० (आजारांच्या कोडांचं पुस्तक) ची चालू आवृत्ती. जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर २०१९ ची आवृत्ती मोफत पाहता येते. ती ब्राउझरमध्ये कायम उघडी ठेवा.
- पूर्ण फाइल. नुसतं डिस्चार्ज कार्ड नव्हे. त्यात अ‍ॅडमिशनचा कागद, हिस्टरी, रोजच्या राउंडच्या नोंदी, सिस्टरांच्या नोंदी, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट चार्ट, सगळे सीबीसी (रक्तपेशींच्या तपासण्या), डेंग्यूचा रिपोर्ट, सोनोग्राफी, रक्तपेढीची स्लिप हे सगळं आलं.
- डॉक्टरांना प्रश्न विचारायचा छापील क्वेरी फॉर्म. नसेल तर साधा कागद चालेल, पण तारीख आणि सही हवी.
- एक वही. कोणत्या फाइलला कोणता कोड का दिला ते एका ओळीत लिहायला. चार महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र येतं तेव्हा हीच वही कामाला येते.

पायरी १: पुस्तक कोणतं आणि कोणत्या सालचं, ते पाहा

आयसीडी म्हणजे आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याची दहावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने १९९० मध्ये मंजूर केली आणि १९९४ पासून देश ती वापरू लागले. अकरावी २०२२ पासून लागू झाली आहे. त्यात डेंग्यू १डी२० पासून सुरू होतो. पण आपल्याकडे क्लेमच्या फॉर्मवर रकाना आहे तो आयसीडी-१० चा, म्हणून आपण दहाव्यावरच राहू.

घोळ असा की या "दहाव्या"ची रूपंही दोन आहेत. एक जागतिक आरोग्य संघटनेचं, जे आपली हॉस्पिटलं वापरतात. दुसरं अमेरिकेचं, ज्याच्या नावापुढे सीएम लागतं. पुण्यात, नागपुरात, मुंबईत जे कोडिंगचे क्लास चालतात ते बहुतेक अमेरिकी कामासाठी, म्हणून त्यांत सीएम शिकवतात. क्लास करून थेट इथल्या हॉस्पिटलात आलेल्यांची गडबड इथेच होते.

डेंग्यूच्या बाबतीत फरक ठळक आहे. जुन्या आयसीडी-१० मध्ये दोन कोड होते: साध्या डेंग्यू तापाला ए९० आणि रक्तस्रावी डेंग्यूला ए९१. अमेरिकी सीएममध्ये तेच चालू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ते दोन्ही काढून त्यांच्या जागी ए९७ आणला आणि त्याचे चार भाग केले:

- ए९७.० : धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू
- ए९७.१ : धोक्याची लक्षणं असलेला डेंग्यू
- ए९७.२ : तीव्र डेंग्यू
- ए९७.९ : डेंग्यू, पण प्रकार लिहिलेला नाही

हा बदल हवेतून आला नाही. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डेंग्यूकडे बघायची डॉक्टरांची पद्धतच बदलली. "साधा" आणि "रक्तस्रावी" असे जणू दोन वेगळे आजार न मानता, आजार एकच पण कधी कुठे वळेल याचा नेम नाही, असं धरलं. रक्त न वाहताही माणूस शॉकमध्ये जातो, हे जुन्या नावात दिसतच नव्हतं. कोड पुढे त्या पद्धतीच्या मागे गेले.

मी आधी जिथे काम करायचे तिथे भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद होता, नेहमीच्या पन्नास आजारांचे कोड. तो कुणी आणि कधी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात डेंग्यू, ए९०. मी एक अख्खा सीझन तोच कोड टाकला. मग क्लेमच्या क्वेरी येऊ लागल्या, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि आमचे रेकॉर्डरूमचे मामा जुन्या फायली रॅकवरून उतरवत बसलो होतो. भिंतीवरचा असा कागद दिसला तर त्यावर तारीख शोधा. तारीख नसेल तर त्याच्यावर विश्वास नको.

पायरी २: आधी सूची, मग यादी

पाठ असलेला कोडही निदान पहिले सहा महिने तरी शोधूनच टाका. आयसीडी-१० चे तीन खंड आहेत. पहिल्यात कोडांची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अकारविल्हे सूची. तिसऱ्यात शब्द शोधायचा, तिथे मिळालेला कोड पहिल्यात जाऊन तपासायचा. सूचीवरून थेट कोड उचलला की त्याखालच्या "यात हे धरलं आहे, हे धरलेलं नाही" या टिपा वाचल्याच जात नाहीत. ऑनलाइन आवृत्तीत शोधपट्टीमुळे काम सोपं झालं आहे, तरी कोड उघडून टीप वाचण्याचा आळस करू नका.

उदाहरणच देते. अजूनही कित्येक डॉक्टर जुन्या सवयीने "डीएचएफ ग्रेड वन" लिहितात (डीएचएफ म्हणजे रक्तस्रावी डेंग्यू ताप). शोधपट्टीत रक्तस्रावी डेंग्यू टाकला की वाटतं, नावच एवढं भयंकर, तीव्रच असणार. पण टीप वाचली तर कळतं की ग्रेड एक आणि दोन हे धोक्याची लक्षणं आहेत की नाहीत यावरून ए९७.० किंवा ए९७.१ मध्ये जातात.

पायरी ३: फाइल शेवटून उघडा

फाइलचं पहिलं पान म्हणजे अ‍ॅडमिशनच्या वेळचा अंदाज. तिथे "पीयूओ" (कारण न कळलेला ताप) असेल, "व्हायरल फीवर" असेल, "डेंग्यू" च्या आधी प्रश्नचिन्ह असेल. रात्री दोन वाजता आरएमओने, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने, समोरच्या माणसाकडे बघून केलेला तो अंदाज आहे. आपल्याला हवं आहे ते उपचार संपताना ठरलेलं निदान.

नियमांच्या खंडात मुख्य आजाराची व्याख्या दिली आहे. तिचा मतलब असा: उपचाराच्या त्या खेपेच्या अखेरीस निश्चित झालेला, आणि ज्याच्यामुळे रुग्णाला उपचार किंवा तपासणीची मुख्यतः गरज पडली तो आजार. असे एकाहून जास्त असतील तर ज्याच्यावर सगळ्यात जास्त साधनं खर्ची पडली तो. म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड, मग शेवटच्या राउंडची नोंद, मग मागे मागे जात पहिला दिवस.

दुसऱ्या हॉस्पिटलातून पाठवलेल्या रुग्णाच्या फाइलला तिथलं रेफरन्स पत्र टाचलेलं असतं. त्यावरचं निदान कोड करू नका. तुमच्याकडे काय ठरलं तेवढंच.

पायरी ४: रिपोर्टला निदान समजू नका

नवीन माणूस इथे हमखास पडतो. लॅबचा कागद दिसतो, त्यावर "पॉझिटिव्ह" लाल अक्षरात असतं, आणि हात थेट कोडकडे जातो.

डेंग्यूच्या दोन मुख्य तपासण्या. एनएस१ हा विषाणूचाच प्रोटीन, तो तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत सापडतो. आयजीएम ही शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, ती साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. त्यामुळे आठव्या दिवशी आलेल्या रुग्णाचा एनएस१ निगेटिव्ह असणं म्हणजे डेंग्यू नाही असं नव्हे, आणि दुसऱ्या दिवशीचा आयजीएम निगेटिव्ह असण्यालाही फारसा अर्थ नाही. आयजीजी एकटाच पॉझिटिव्ह असेल तर तो पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या डेंग्यूचाही असू शकतो.

शिवाय कॅसेटवर पंधरा-वीस मिनिटांत होणारी रॅपिड टेस्ट वेगळी आणि प्रयोगशाळेत यंत्रावर होणारी एलायझा तपासणी वेगळी. सरकारी हिशेबात पक्का डेंग्यू म्हणजे एलायझाने ठरलेला. त्यासाठी ठरावीक सेंटिनल (साथीवर नजर ठेवायला नेमलेल्या) रुग्णालयांत नमुने जातात, आणि तिथल्या आयजीएम एलायझाचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनतात. पुणेकरांना एनआयव्ही म्हटलं की लगेच कळेल.

हे सगळं माहीत असावं, पण त्यावरून निदान ठरवायचं काम आपलं नाही. नियम साधा आहे: उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं तेच निदान. रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि कार्डावर "व्हायरल फीवर" असेल तर तुम्ही आपल्या मनाने डेंग्यू टाकायचा नाही. आणि रिपोर्ट निगेटिव्ह असून डॉक्टरांनी डेंग्यू लिहिलं असेल तर तुम्ही तो खोडायचा नाही. दोन्ही वेळा विचारायचं.

मग "संशयित डेंग्यू" लिहिलेलं असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा की उपचार संपल्यावरही निदान "संशयित" म्हणूनच लिहिलेलं असेल आणि आणखी काही माहिती मिळणार नसेल, तर ते पक्कं असल्यासारखंच कोड करायचं. म्हणजे डिस्चार्ज कार्डावर शेवटपर्यंत "सस्पेक्टेड डेंग्यू" राहिलं तर कोड ए९७ चाच. अमेरिकी क्लास केलेल्यांना हे पचत नाही, कारण तिथे ओपीडीच्या कामात संशयित निदान कोड करायचंच नसतं, लक्षणं कोड करायची असतात. तिथला आयपीडीचा, म्हणजे भरती रुग्णांचा, नियम पुन्हा वेगळा. म्हणून मी म्हणते, कोणत्या पुस्तकात बसलोय ते आधी पाहा.

२०२० साली कोडिंग शिकलेल्यांचा आणखी एक गोंधळ असतो. कोविडला विषाणू सापडला तर यू०७.१ आणि न सापडता निदान केलं तर यू०७.२ असे दोन कोड मिळाले. ती मंडळी डेंग्यूतही असा "संशयिताचा कोड" शोधत बसतात. तो नाही. आणि ए९७.९ म्हणजे संशयित नव्हे. त्याचा अर्थ डेंग्यू आहे, पण कोणत्या प्रकारचा ते लिहिलेलं नाही.

कार्डावर "व्हायरल फीवर विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया" (म्हणजे प्लेटलेट कमी) एवढंच असेल आणि डॉक्टर त्यावर ठाम असतील, तर बी३४.९ आणि सोबत डी६९.६. डेंग्यूचा सीझन आहे म्हणून डेंग्यू होत नाही.

पायरी ५: बिंदूनंतरचा अंक

खरं काम इथे आहे. फाइल डेंग्यूची आहे हे कुणीही सांगेल. शून्य, एक की दोन, हे सांगायला फाइल वाचावी लागते.

धोक्याची लक्षणं २००९ च्या वर्गीकरणात सात दिली आहेत: पोटात दुखणं किंवा दाबल्यावर दुखणं, सतत उलट्या, छातीत किंवा पोटात पाणी साठणं, हिरड्या-नाक अशा जागी रक्त येणं, ग्लानी किंवा अस्वस्थता, यकृत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढणं, आणि प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढणं.

तीव्र डेंग्यूच्या वाटा तीन. रक्तवाहिन्यांतून द्रव इतका झिरपला की शॉक बसला किंवा श्वासाला त्रास झाला. भारी रक्तस्राव झाला. किंवा एखाद्या अवयवाला गंभीर इजा झाली: यकृताचे एन्झाइम, एएसटी किंवा एएलटी, हजार किंवा त्याहून वर गेले, शुद्ध हरपली, हृदयावर परिणाम झाला.

आता या यादीत काय नाही ते बघा. "प्लेटलेट अमुक हजारांच्या खाली" असं कुठेच नाही. आपल्याकडे डेंग्यू म्हणजे प्लेटलेट असं समीकरण इतकं घट्ट आहे की नातेवाईक भेटल्याबरोबर आकडा विचारतात आणि हॉस्पिटलबाहेरच्या फळवाल्याकडे किवी संपतात. पण वीस हजार प्लेटलेट असलेला, रक्तस्राव नसलेला, बीपी व्यवस्थित असलेला, जेवणारा-खाणारा रुग्ण या वर्गीकरणात निव्वळ त्या आकड्यामुळे "तीव्र" होत नाही. उलट साठ हजार प्लेटलेटचा माणूस शॉकमध्ये असू शकतो. प्लेटलेटचा आकडा बघून ए९७.२ टाकणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

ही लक्षणं फाइलमध्ये सरळ "धोक्याची लक्षणं" अशा मथळ्याखाली कधीच मिळत नाहीत. ती अशी विखुरलेली असतात:

- उलट्या किती वेळा झाल्या ते डॉक्टरांच्या नोंदीत नसतं, सिस्टरांच्या रात्रपाळीच्या नोंदीत असतं.
- हिमॅटोक्रिट सीबीसीच्या कागदावर असतो, पण एका कागदावरून काही कळत नाही. सगळे सीबीसी तारखेने लावून घ्या. प्लेटलेट एक लाख वीस हजारांवरून चाळीस हजारांवर येत असताना हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६ वर गेला असेल तर विचारायला कारण आहे.
- पाणी साठल्याचं सोनोग्राफीत मिळतं. "मिनिमल असायटिस" (पोटात थोडं पाणी), "राइट प्लुरल इफ्युजन" (उजव्या फुप्फुसाभोवती पाणी), "जीबी वॉल इडीमा" (पित्ताशयाच्या भिंतीला सूज) हे शब्द डेंग्यूच्या सोनोग्राफीत वारंवार येतात. पण हा रेडिऑलॉजिस्टचा निष्कर्ष आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं निदान नव्हे. तोही क्वेरीचाच विषय.
- शॉक शब्दाने लिहिलेला नसेल, पण आयसीयूच्या चार्टवर बीपी उतरलेलं आणि सलाइनचे बोलस (भराभर दिलेले मोठे डोस) चालू असलेले दिसतील.

हे पुरावे गोळा करायचे ते कोड ठरवायला नाही, प्रश्न विचारायला. डॉक्टरांनी कार्डावर "डेंग्यू विथ वॉर्निंग साइन्स" लिहिलं तर ए९७.१, "सिव्हिअर डेंग्यू" लिहिलं तर ए९७.२. नुसतं "डेंग्यू फीवर" लिहिलं आणि फाइलमध्ये कुठेच काही नाही, तर? इथे बरेच जण ए९७.० टाकतात. मला ते मान्य नाही. लक्षणं नव्हती, असं कुणी म्हटलेलं नाही. असण्या-नसण्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. म्हणून ए९७.९, किंवा आधी क्वेरी.

पायरी ६: डॉक्टरांना विचारा, पण उत्तर तोंडात घालू नका

"सर, सिव्हिअर लिहू का? क्लेम लवकर पास होईल." हे वाक्य कधीही, कुणालाही, चहाच्या टेबलावरसुद्धा म्हणू नका. पैशाचा उल्लेख असलेली क्वेरी म्हणजे खोट्या निदानाचं आमंत्रण. उद्या चौकशी झाली तर कागदावर सही डॉक्टरांची आणि हस्ताक्षर तुमचं.

चांगली क्वेरी अशी असते: "आयपीडी क्रमांक अमुक. अंतिम निदान डेंग्यू फीवर. तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या नोंदीत पाच उलट्या, चौथ्या दिवशी सोनोग्राफीत असायटिस, हिमॅटोक्रिट ३८ ते ४६. कृपया डेंग्यूचा प्रकार स्पष्ट करावा: धोक्याची लक्षणं नसलेला / धोक्याची लक्षणं असलेला / तीव्र / अन्य / सांगता येत नाही." पुरावा समोर, पर्याय सगळे, सुचवणं काही नाही.

वेळ साधणंही महत्त्वाचं. ओपीडीच्या गर्दीत गेलात तर "तुम्हीच टाका काय ते" ऐकायला मिळेल. राउंड संपल्यावर, डॉक्टर नोंदी लिहायला बसतात तेव्हा पाच फायली एकदम घेऊन जा. आणि उत्तर तोंडी मिळालं तरी सही फाइलमध्येच घ्या.

पायरी ७: सोबतचे कोड

ताप, अंगदुखी, डोकेदुखी वेगळी कोड करू नका. ती डेंग्यूचीच लक्षणं आहेत. डेंग्यूच्या कोडशेजारी आर५०.९ दिसला की फाइल तपासणारा ओळखतो की हे काम नवख्याचं.

प्लेटलेट कमी असल्याचं डॉक्टरांनी निदान म्हणून लिहिलं असेल आणि त्यासाठी काही केलं असेल, उदाहरणार्थ प्लेटलेट चढवल्या, तर डी६९.६ जोडा. "डेंग्यूमुळे दुय्यम" असं लिहिलं असेल तर डी६९.५. नुसता आकडा कमी दिसतो म्हणून नाही.

अवयवांवर परिणाम असेल तर आयसीडी-१० ची कट्यार (†) आणि तारका (*) ही जोडपद्धत येते. कट्यार मूळ आजाराला, तारका त्याच्या एका अवयवातल्या रूपाला. डेंग्यूमुळे मेंदूला सूज असेल तर ए९७.२ आणि सोबत जी०५.१. हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर सोबत आय४१.१. तारकेचा कोड कधीही पहिला किंवा एकटा येत नाही.

गरोदर बाईची फाइल असेल तर क्रम उलटतो. आधी ओ९८.५, म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि सूतिकाकाळात गुंतागुंत करणारे इतर विषाणूजन्य आजार, आणि मग ए९७ चा योग्य कोड. हे विसरणं फार सोपं आहे, कारण ती बाई मेडिसिन वॉर्डात असते आणि गरोदरपणाचा उल्लेख हिस्टरीत एका ओळीत असतो. या कोडमधला ओ हे अक्षर आहे, शून्य नव्हे. घाईत शून्य टाइप केलं की सॉफ्टवेअर "कोड सापडला नाही" म्हणतं आणि आपण तासभर पुस्तकावर संशय घेत बसतो.

मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार, ज्यांच्या गोळ्या वॉर्डात चालू होत्या, ते जोडा: ई११.९, आय१०, जे असेल ते. डेंग्यूसोबत मलेरियाही निघाला तर दोन्ही कोड करा, व्हायवॅक्स असेल तर बी५१.९. मुख्य कोणता ते डॉक्टरांकडून घ्या. पण विडालचा (टायफॉइडच्या तपासणीचा) कागद पॉझिटिव्ह दिसला म्हणून टायफॉइडचा ए०१.० आपल्या मनाने चिकटवू नका.

घरी गेलेला रुग्ण पंधरा दिवसांनी अशक्तपणासाठी पुन्हा आला, तर पुन्हा ए९७ नाही. आजार होऊन गेलेला आहे. आत्ता काय निदान आहे ते विचारा, आणि पूर्वीचा डेंग्यू हवाच असेल तर झेड८६.१ हा पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाचा कोड आहे.

पायरी ८: कोड कुठे कुठे जातो

पहिली जागा क्लेमच्या फॉर्मचा भाग ब, जो हॉस्पिटलने भरायचा असतो. त्यात मुख्य निदान, इतर निदान आणि सोबतचे आजार यांच्या कोडचे रकाने आहेत. कॅशलेसच्या वेळी टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) पाठवलेल्या विनंतीत तात्पुरतं निदान असतं, ते "ताप" असू शकतं. शेवटच्या कागदावर डेंग्यू आला तर फरक दिसणारच. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त दोघांमधला दुवा नोंदीत दिसायला हवा.

डेंग्यूच्या क्लेमवर कंपन्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "भरती करायची गरज काय होती?" अशा वेळी ए९७.१ बरोबर बसत असताना आळसाने टाकलेला ए९७.९ रुग्णाच्या खिशाला लागतो. आणि पुराव्याशिवाय टाकलेला ए९७.२ हॉस्पिटलच्या अब्रूला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची फाइल असेल तर तिथे पॅकेजचा कोड लागतो. तो उपचाराच्या दराचा कोड आहे, निदानाचा नव्हे. दोन्हींची सरमिसळ करू नका.

दुसरी जागा सार्वजनिक आरोग्य यंत्रणा. आयएचआयपी या साथरोगांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर दवाखाने आणि हॉस्पिटलं संभाव्य रुग्ण पी फॉर्ममध्ये आणि प्रयोगशाळा पक्के रुग्ण एल फॉर्ममध्ये कळवतात. ही माहिती आयसीडी कोड पडण्याची वाट बघत नाही, आणि बघूही नये. तुम्ही फाइल डिस्चार्जनंतर उघडता, तोवर त्या गल्लीतल्या पिंपात दुसरी पिढी डासांची तयार झालेली असते. तुमच्याकडे हे काम असेल तर ते रोजच्या रोज लॅबच्या रजिस्टरवरून करा.

पायरी ९: मृत्यूची फाइल

या फायली वेगळ्या ठेवा आणि शांतपणे करा. हॉस्पिटलातल्या मृत्यूसाठी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये डॉक्टर भरतात. पहिल्या भागात कारणांची साखळी असते: सर्वात वर थेट कारण, खाली त्याचं कारण, त्याखाली मूळ. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" हे कारण नाही, तो मरणाचा प्रकार झाला. प्रत्येकाचंच हृदय शेवटी थांबतं. वर शॉक, त्याखाली तीव्र डेंग्यू आणि दुसऱ्या भागात मधुमेह असं लिहिलं असेल, तर मूळ कारण तीव्र डेंग्यू, ए९७.२.

प्रमाणपत्रात तुम्ही शब्द बदलायचे नाहीत. संक्षेप आहेत का, कालावधीचा रकाना रिकामा आहे का, साखळी उलटी लागली आहे का, एवढं पाहून डॉक्टरांकडे परत न्यायचं. डेंग्यूचा संशय असलेल्या मृत्यूची फाइल महापालिका किंवा जिल्ह्याचा आरोग्य विभाग तपासणीसाठी मागवतो. तेव्हा प्रमाणपत्र, डिस्चार्ज किंवा डेथ समरी आणि तुमचा कोड या तिन्हींत एकच गोष्ट दिसली पाहिजे.

सरावाला तीन फायली

खालच्या फायली मी शिकवण्यासाठी रचल्या आहेत. उत्तर झाकून आधी स्वतः करून पाहा.

*पहिली.* बावीस वर्षांचा मुलगा, चार दिवस ताप, एनएस१ पॉझिटिव्ह, प्लेटलेट अठरा हजारांपर्यंत उतरल्या, रक्तस्राव नाही, प्लेटलेट चढवल्या. कार्डावर "डेंग्यू विदाउट वॉर्निंग साइन्स, थ्रॉम्बोसायटोपेनिया". उत्तर: ए९७.०, सोबत डी६९.६. अठरा हजार वाचून ए९७.२ लिहिलं असेल तर पायरी ५ पुन्हा वाचा.

*दुसरी.* अठ्ठावीस वर्षांची बाई, पाचवा महिना, सतत उलट्या, पोटदुखी. कार्डावर "डेंग्यू विथ वॉर्निंग साइन्स". उत्तर: ओ९८.५, मग ए९७.१. उलट्या आणि पोटदुखी वेगळ्या नाहीत, त्या "एक" या अंकात आल्या.

*तिसरी.* पन्नाशीचे गृहस्थ, मधुमेहाच्या गोळ्या चालू, आठव्या दिवशी भरती, एनएस१ निगेटिव्ह, आयजीएमचा रिपोर्ट फाइलमध्येच नाही, सोनोग्राफीत प्लुरल इफ्युजन. कार्डावर फक्त "सस्पेक्टेड डेंग्यू, डीएम" (डीएम म्हणजे मधुमेह). आधी लॅबला फोन करून आयजीएम गेला होता का ते विचारा. या फाइलमधला अर्धा गोंधळ बहुतेक वेळा एका न लावलेल्या कागदाचा असतो. मग डॉक्टरांना क्वेरी. उत्तर आलं तर त्याप्रमाणे. दोनदा विचारूनही आलं नाही तर ए९७.९ आणि, मधुमेहाचा प्रकार लिहिलेला नाही म्हणून, ई१४.९ टाका, आणि क्वेरीची तारखेसह प्रत फाइलला टाचून ठेवा.